तामुरासाहेबांची शोकसभा

आमच्या सोसायटीत आजवरची सर्वांत मोठी शोकसभा ज्या गृहस्थांची झाली, ते गृहस्थ कधी जन्मालाच आले नव्हते.

याला जबाबदार मी. एवढं वाक्य कागदावर उतरवायला मला पुष्कळ धीर गोळा करावा लागला. मुळात मी बोलणारा माणूस नाही. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर सुटे भाग गेजमध्ये घालून बघायचे आणि 'ओके' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं, एवढाच माझा संवाद. घरी आल्यावर मी त्यातलं 'रिजेक्ट'ही गाळतो. (लग्न मुरलं की हे आपोआप जमतं.) पण आता मन मोकळं करायचंच ठरवलंय, तर सगळं सांगतो.

झालं असं की आमच्या कंपनीचं जपानी लोकांशी काहीतरी जुळलं आणि आमच्यातल्या काही जणांना जपानी भाषेच्या वर्गाला बसवलं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "लहान मुलांचे कार्यक्रम बघा, भाषा कानावर पडेल." बाकीच्यांनी एक-दोनदा बघून सोडून दिलं. वर्गही पुढे बंद पडला. मी मात्र सोडलं नाही. का, ते शेवटी कळेलच.

त्या मालिकेचं नाव इतकं लांब आहे, की ते पूर्ण उच्चारेपर्यंत पडद्यावर एक राक्षस मरून दुसरा उगवतो. मी तिला मनातल्या मनात 'पलटण' म्हणतो. पाच तरुण पोरं, पाच रंग. लाल, निळा, पिवळा, हिरवा, गुलाबी. राक्षस आला की पाचही जण हातवारे करतात, अंगावर आपोआप घट्ट गणवेश चढतो आणि मागे काही कारण नसताना स्फोट होतो. राक्षस मरतो. मेल्यावर तो आधीपेक्षा मोठा होऊन, टोलेजंग इमारतीएवढा उठतो. मग ही पाच पोरं आपापली वाहनं एकमेकांना जोडून एक अजस्र यंत्रमानव उभा करतात. आणि काय ती जोडणी! पाच वेगवेगळ्या दिशांनी भाग सुसाट येतात आणि एकाही बोल्टचं भोक चुकत नाही! आमच्याकडे शेजारच्या शेडमधून आलेला भागसुद्धा हातोडीशिवाय बसत नाही. माझा ऊर भरून यायचा.

भाषा मात्र विचित्र आली. जपानीत मला "पाणी कुठे मिळेल?" हे आजही विचारता येत नाही. पण "मागे व्हा, हा फुटणार आहे!" आणि "पृथ्वीचं भवितव्य आता तुमच्या हाती आहे!" ही वाक्यं मी झोपेतही अस्खलित म्हणतो. (म्हणतो, असं आमच्या हिचं म्हणणं.)

घरात कुणालाही मी हे सांगितलं नव्हतं. पन्नाशी उलटलेला, चष्मा लावणारा, मुलीचं लग्न ठरलेला माणूस गुलाबी गणवेशातल्या पोरीला "डावीकडे बघ, डावीकडे!" असं बजावत बसतो, हे कुठल्या तोंडाने सांगणार? गुरुवारी सुट्टी असली की दुपारी मी मागच्या गॅलरीत वॉशिंग मशिनजवळ स्टूल टाकून, कानात वायर घालून बसायचो. हिला वाटायचं, कीर्तन ऐकतोय. मी तसं म्हणालो नव्हतो. फक्त कधी खोडलंही नव्हतं.

तर त्या गुरुवारी सत्तेचाळिसावा भाग होता.

मालिका संपत आली की हे जपानी लोक दया-माया ठेवत नाहीत. पलटणीचा तळ उद्ध्वस्त झालेला. पोरांच्या गणवेशांचे रंग उडून ते राखाडी झालेले. आणि त्यांचे प्रमुख तामुरासाहेब! पांढरे केस, चांदीच्या रंगाचा कोट, खांद्यावर यांत्रिक गरुड. आजवर प्रत्येक भागात खुर्चीत बसून पोरांना फक्त रागावलेले. "उशीर झाला", "पवित्रा चुकला", "पुन्हा करा". कौतुकाचा एक शब्द नाही. (क्वालिटीचेच!) तर ते तामुरासाहेब त्या दिवशी खुर्चीतून उठतात. कपाट उघडतात. आत जुना लाल गणवेश! म्हणजे तरुणपणी पहिला लाल योद्धा हेच! ते गणवेश चढवतात, पण पोटावर चेन लागत नाही. तशीच अर्धी चेन उघडी ठेवून ते निघतात, राक्षसांच्या लोंढ्यासमोर लोखंडी दरवाजा आतून बंद करतात आणि त्याला पाठ लावून उभे राहतात. बाहेर पाच पोरं दार बडवतायत. आणि हा माणूस, आयुष्यात पहिल्यांदा गोड आवाजात, दाराआडून काय म्हणतो?

"भात गार होईल. जेवून घ्या."

स्फोट. या वेळी कारण असलेला.

मी रडलो. म्हणजे डोळे ओले वगैरे नाही. हुंदके! स्टूल हलत होतं, मशिनवरचा कपडे धुण्याच्या पावडरीचा डबा हलत होता. नेमकी त्याच वेळी आमची ही, शैला, वाळत घालायला चादरी घेऊन आली. तिच्या हातून बादली पडली. लग्नापासून तिने मला रडताना कधी पाहिलंच नव्हतं.

"अहो! काय झालं? कोण गेलं?"

"तामुरासाहेब," मी म्हणालो. हे खरं होतं!

"कोण तामुरासाहेब?"

"जपानचे." हेही खरं होतं!

"कंपनीतले?"

इथे माझी मान हलली. ती आडवी हलली की उभी, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. पण शैलाने ती उभी धरली.

"अगं बाई! कशाने हो?"

"दरवाजा धरून ठेवला. एकट्याने. बाकीची पाच जणं वाचली. मग स्फोट झाला."

"देवा रे! आणि तुमचे कोण लागायचे?"

"वडिलांसारखे होते," असं माझ्या तोंडून निघून गेलं. आता त्या क्षणी फोन पुढे करून "हे बघ, हा माणूस," म्हणालो असतो, तर प्रकरण चादरींबरोबर वाळून गेलं असतं. पण पडद्यावर तेव्हा पुढच्या भागाची झलक सुरू झाली होती आणि गुलाबी योद्धी एका खेकड्याला लाथ मारत होती. मी फोन खिशात टाकला.

आमच्या मृणालचा साखरपुडा त्याच रविवारी, सोसायटीच्याच हॉलमध्ये होता. मुलगा चिन्मय, तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला. दोघांचं छान जुळलं होतं. कंपनी त्याला वर्षभरासाठी परदेशी पाठवत होती आणि मंगळवारचं विमान होतं. म्हणजे साखरपुडा रविवारी झाला तर झाला, नाहीतर मुलगा परतल्यावर. शैलाने पहिली गोष्ट काय केली असेल? व्याह्यांना फोन! "दुःखाची बातमी व्याह्यांपासून लपवू नये," असं तिच्या माहेरचं वळण. मी हातवारे करून (पलटणीसारखेच, पण परिणाम शून्य) तिला थांबवत होतो, पण तिला वाटलं, मला दुःखावेग आलाय.

दुसरा फोन सोसायटीचे चेअरमन बाळूअण्णा यांना. अण्णा इथल्या जुन्या गावकऱ्यांपैकी. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन एके काळी त्यांच्या भावकीची. महापालिकेची निवडणूक लढवायची त्यांची फार दिवसांची इच्छा, त्यामुळे कुणाचा वाढदिवस, कुणाची बढती, कुणाचा मृत्यू, यातलं काहीही ते फ्लेक्सशिवाय जाऊ देत नाहीत.

"वहिनी, फोटो पाठवा साहेबांचा," अण्णा म्हणाले. "बाकी माझ्यावर सोडा."

फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. (का होता, हे कृपया विचारू नका.) मी आंघोळीला गेलो असताना शैलाने तो शोधून पाठवूनही दिला.

शुक्रवारी कंपनीच्या बसमधून उतरलो आणि गेटवर थिजलो. दोन मजली फ्लेक्स! 'भावपूर्ण श्रद्धांजली. कै. तामुरासाहेब (जपान)'. फ्लेक्सवाल्याने मागचं अंतराळयान पुसून तिथे समई लावली होती, पण खांद्यावरचा गरुड काही त्याला पुसता आला नव्हता. खाली 'शोकाकुल' म्हणून ओळीने फोटो. बाळूअण्णा गॉगल लावून, मोबाइल कानाला, मयतापेक्षा अंमळ मोठे. त्यांच्या शेजारी मी. माझा फोटो मृणालच्या वाढदिवसाचा, केक कापून टाकलेला. त्या अख्ख्या दुःखात खळखळून हसणारा मी एकटाच!

अण्णा गेटवरच उभे होते. त्यांनी मला मिठी मारली.

"देशमानेसाहेब, खचायचं न्हाई. आमी हाय."

"अण्णा, तो फोटो जरा..."

"व्हय, पक्ष्याचं म्हनता ना? मलाबी वाटलं, काढावा. मग म्हनलं ऱ्हाऊ द्या. पाळलेला असंल. मुक्या जनावराला बी दुःख असतंय. बघा कसा बसलाय!"

आता सांगावं? मी तोंड उघडलं. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "उद्या संध्याकाळी शोकसभा ठेवलीय हॉलमधी. सगळ्या विंगा येनार." मी तोंड मिटलं.

घरात शिरतो तो व्याह्यांचा फोन. सोनटक्केसाहेब मूळचे लातूरकडचे. दापोडीला त्यांचं हार्डवेअरचं दुकान. माणूस सरळ, पण रीतीभातीला कडक.

"व्याहीबुवा, वहिनींनी सांगितलं. लई वाईट झालं की ओ."

"हो, पण त्याचं काय आहे..."

"वडिलांसारखे होते म्हणले. मग वडिलांचं सुतक असतंय तसं आपण पाळू. गेटवर श्रद्धांजली अन् आत पेढे, हे बरं दिसंना. पुढं ढकलू."

"पण चिन्मयचं विमान..."

"येईल की वर्षानं. पोरगं काय पळून जायलंय का? उद्या सभेला येतो आम्ही." फोन ठेवला.

मिटेल वाटलेलं प्रकरण राक्षसासारखं आधीपेक्षा मोठं होऊन उठलं होतं. माझ्या एका मानेच्या हलण्याने पोरीचा साखरपुडा वर्षभर लांबणार होता आणि वर्षभरात सरळ लोकांचीही मनं बदलतात. तरी मी गप्प! शैला मला लिंबूपाणी देत होती, पंखा वाढवत होती. माझ्यासाठी तिने आवडती भरली वांगी केली आणि मी ती खाल्लीही. दोनदा घेतली. दुःखातल्या माणसाची भूक मरते, हे मला आठवेपर्यंत ताट साफ झालं होतं.

मृणाल शुक्रवारभर पिंपरीत खरेदीत होती आणि मैत्रिणीकडेच थांबली होती. शनिवारी सकाळी ती आली. मी पेपर वाचत होतो.

"बाबा."

"हं."

"गेटवर पांढऱ्या केसांचा एक माणूस आहे."

"हं."

"त्याने चांदीचा कोट घातलाय."

"हं."

"खांद्यावर लोखंडी गरुड आहे."

मी पेपरचं पान उलटलं.

"बाबा, हा लहान मुलांच्या सीरियलमधला आहे ना?"

"लहान मुलांच्या असं काही नाही," मी दुखावून म्हणालो. "त्यात पुष्कळ विचार..."

"बाबा!"

ती धपकन समोर बसली. आधी हसली. मग तिला आठवलं की रविवार तिचाच आहे, आणि तिचा चेहरा उतरला. तिचे ओठ असे खाली वळले की मला पेपर धरवेना.

"तो मंगळवारी चाललाय, बाबा. त्याच्या आईने आजच त्याला सांगितलं, आता पुढच्या वर्षी बघू. 'बघू' म्हणाल्या त्या. आज सभेत तुम्ही खरं सांगा. नाहीतर मी सांगते. आणि मी सांगितलं ना, तर 'माझे बाबा कार्टून बघून रडतात' असं सांगेन."

"कार्टून नाही गं ते, त्यात खरी माणसं अस..."

"बाबा!!"

संध्याकाळी हॉल खच्चून भरला. आमच्या सोसायटीत सर्वसाधारण सभेला कोरम होत नाही, पण मयत जपानी असल्यामुळे लोक लिफ्टला रांग लावून उतरले. स्टेजवर हार घातलेले तामुरासाहेब. पहिल्या रांगेत पांढऱ्या कपड्यांत सोनटक्केसाहेब, त्यांची मंडळी, चिन्मय. शैला फिकट साडीत, डोळ्यांना रुमाल. मी माइककडे निघणार, तोच अण्णांनी तो उचलला.

"तामुरासाहेब गेले!" अण्णा म्हणाले. "माझा आन् त्यांचा घरचा संबंध. माझ्या मळ्यात आलेलं असताना त्यांनी पिठलं-भाकरी मागून खाल्ली. मला म्हनलं, बाळू, ही चव टोकियोत न्हाई!"

हा माणूस जन्मलाच नव्हता आणि पिठलं खाऊन गेला?

मग लोक एकामागून एक उठू लागले. बी विंगमधल्या काकूंना साहेबांनी गेटवर वाकून नमस्कार केला होता. योगाच्या वर्गाच्या गुरुजींना त्यांनी प्राणायामाबद्दल विचारलं होतं. एका गृहस्थांना तर त्यांनी पावसात चाकणपर्यंत गाडीतून सोडलं होतं, आणि वाटेत मराठीत बोलले होते! माणूस इतका मोठा होत गेला, की मलाच चुटपुट लागली, आपली भेट कशी राहिली!

आणि मग उठले सोनटक्केसाहेब.

"आमच्या दुकानात आले होते एकदा," ते घसा खाकरून म्हणाले. "एक पाना घेतला. हातात धरून बघितला, डोळ्यांजवळ नेला, अन् मान डोलावली. तवाच म्हणलं, माणूस साधा नव्हं."

आता झाली पंचाईत! मी खरं बोललो तर होणारे व्याही भर सभेत, मुलासमोर, थापाडे ठरणार. नाही बोललो तर साखरपुडा गेला. मी मृणालकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहून नुसती भुवई उचलली. मी माइक घेतला.

"तामुरासाहेब," मी म्हणालो, "खरे नव्हते."

"खरंय," कुणीतरी उसासा टाकला.

"म्हणजे ते नव्हतेच."

"न्हाईत आता," अण्णांनी खालून साथ दिली. "इस्वासच बसंना."

"ते कधीच नव्हते!"

"असा मानूस कधी झालाच न्हाई!" अण्णा उभे राहिले आणि टाळ्या! शोकसभेत टाळ्या!

आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं होतं आणि कुणी ऐकेना. शेवटी मी ओरडलो, "अहो, त्यांच्या खांद्यावरचा गरुड बॅटरीवर चालतो!"

सगळ्यांनी हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. गरुडाच्या छातीवर चालू-बंदचं बटण होतं. कालपासून ते कुणालाही दिसलं नव्हतं.

मग मी सगळं सांगितलं. पलटण, पाच रंग, राक्षस, कपाटातला जुना गणवेश, न लागणारी चेन. सांगता सांगता माझा आवाज चढला, एक-दोन हातवारेही झाले असं लोक म्हणतात. आणि 'भात गार होईल'पाशी आलो तेव्हा पुढचं आपोआप निघालं. ते मी ठरवलं नव्हतं.

"माझे वडीलही असेच होते," मी म्हणालो. "गिरणीत होते. मला कधी चांगलं म्हणाले नाहीत. संध्याकाळी फक्त एवढंच, 'बस, भाकरी गार होईल.' ते गेले तेव्हा मी टेम्पो ठरवत होतो, पाहुण्यांच्या चहाचं बघत होतो, दाखल्यासाठी धावत होतो. रडायचं राहूनच गेलं. लोक म्हणाले, पोरगा धीराचा. मी धीराचा नव्हतो. मला वेळ मिळाला नाही, आणि मग लाज वाटायला लागली. गुरुवारी तो माणूस दाराआडून जेवून घ्या म्हणाला आणि... शैला, तू विचारलंस कोण गेलं. मला सांगता येईना."

शैलाचा रुमाल डोळ्यांवरून खाली आला. ती माझ्याकडे जशी बघत होती, तसं बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. मग ती खणखणीत आवाजात म्हणाली, "म्हणजे गुरुवारपासून मी देवापुढे दिवा लावतेय तो या माणसासाठी?"

तेवढ्यात सोनटक्केसाहेब उठले. मृणालने चिन्मयकडे बघितलं, चिन्मयने चपलांकडे.

"मग आमच्या दुकानात कोण आला होता?" सोनटक्केसाहेबांनी विचारलं.

"तो... दुसरा कुणी असेल," मी म्हणालो.

"दुसराच असंल," त्यांनी जरा विचार करून मान्य केलं. मग पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरली. "आमच्याही बापानं कधी पाठीवर हात ठेवला न्हाई ओ. मेल्यावर दुकानाचं शटर उघडताना रडलो मी. एकटाच होतो म्हणून बरं." त्यांनी घसा खाकरला. "बरं, त्या पाच पोरांचं पुढं काय झालं?"

"अजून दोन-तीन भाग शिल्लक आहेत."

"म्हणजे बघावंच लागतंय. अन् जो जन्मलाच न्हाई त्याचं सुतक कसलं? उद्या येतो आम्ही, ठरल्या वेळेला."

मृणालने चार लोकांत चिन्मयचा हात धरला आणि कुणी काही म्हणालं नाही. लोकांचं सगळं लक्ष बाळूअण्णांकडे होतं. पिठलं-भाकरीचं आता काय? अण्णा डगमगले नाहीत. त्यांनी माइक परत घेतला.

"मी काय म्हनलो व्हतो? असा मानूस झालाच न्हाई! हितं उपस्थित सगळ्यांनी ऐकलंय. म्हंजे माझं बरोबरच हाय!"

रविवारी नवा फ्लेक्स छापायला सवड नव्हती. अण्णांनी जुन्यावरच 'साखरपुड्याच्या हार्दिक शुभेच्छा'चा कागद चिकटवला. तो थोडा अपुरा पडला. त्यामुळे सगळ्या पाहुण्यांचं स्वागत एका गरुडाने केलं. सोनटक्क्यांच्या मावशींनी त्याला आमच्या कुलदैवताचं वाहन समजून हात जोडले. मी खुलासा केला नाही. (रविवारीही प्रगती बेताचीच होती.)

साखरपुडा झाला. मृणाल हिरव्या साडीत पाटावर बसली. सोनटक्केवहिनींनी तिला कुंकू लावलं, ओटी भरली. चिन्मयने अंगठी घातली, ती आधी अडली, मग बसली. मृणालने अंगठीकडे पाहिलं आणि लगेच गर्दीत मला शोधलं. लहानपणी शाळेच्या गॅदरिंगमध्ये स्टेजवरून शोधायची, तशी. आणि माझा बांध फुटला. हुंदके! भर हॉलमध्ये, फेट्यासकट! आता यात मालिका नव्हती, वडीलही नव्हते. माझी पोर दुसऱ्या घरी निघाली होती आणि मी तिच्यासाठी रडत होतो. खऱ्या माणसासाठी, खऱ्या वेळी, सगळ्यांदेखत.

शैला धावत आली. सोनटक्केसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"व्याहीबुवा, काय झालं ओ?"

आदल्याच संध्याकाळी मन मोकळं करून बसलेल्या, आता आयुष्यात काहीही लपवायचं नाही असं ठरवलेल्या मी डोळे पुसले, फेटा सरळ केला आणि म्हणालो, "काही नाही. तो सत्तेचाळिसावा भाग आठवला."